नेमाचे लेखन : ‘स्मृतिचित्रे’च्या घडणीविषयी

१

‘स्मृतिचित्रे’विषयी बोलताना आपण एक शब्द फार सढळ हाताने वापरतो : ‘सहज’. लक्ष्मीबाई टिळकांचे लेखन सहज आहे, अकृत्रिम आहे, बोलता बोलता लिहिल्यासारखे आहे. ३२ वर्षे मराठी शिकवताना मीही हा शब्द फळ्यावर लिहिला. मुलींनी तो वहीत उतरवून घेतला, परीक्षेत लिहिला आणि मी त्याला गुण दिले. या लेखात मला तो शब्द मागे घ्यायचा आहे. वाचताना तसे वाटते, हे खरेच आहे. पण ‘सहज’ हे वाचकाच्या अनुभवाचे वर्णन झाले, आणि आपण ते लेखिकेच्या कामाचे वर्णन म्हणून वापरतो. त्यामुळे ते काम दिसेनासे होते.

हे माझ्या लक्षात आले ते ग्रंथालयात नव्हे, वणीतल्या आमच्या घरात. बाहेरच्या माणसाला वणी म्हटले की सप्तशृंगीचा गड आठवतो. प्रत्यक्षात गड नांदुरीच्या वर, कळवण तालुक्यात. आमची वणी म्हणजे दिंडोरी तालुक्यातले बाजाराचे गाव. तरी नाशिककडून गडावर जाणारी वाट गावावरूनच जाते. त्यामुळे चैत्रात आणि नवरात्रात घर पाहुण्यांनी भरलेले असते. ऑक्टोबरात द्राक्षबागेची छाटणी, जानेवारीपासून काढणी, उन्हाळ्यात खरड छाटणी. निवृत्त झाल्यावर ‘स्मृतिचित्रे’वर सविस्तर लिहायचे म्हणून मी दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर तारीख घातली. अकरा पाने भरली आणि सासूबाईंना पक्षाघात झाला. पुढची चार वर्षे वही कपाटात राहिली. सलग वेळ मिळाला की लिहीन, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, आणि ते मला खरे वाटत होते.

सासूबाईंची डावी बाजू गेली होती, वाचा शाबूत होती. दुपारी त्यांच्यापाशी बसायचे म्हणून मी ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचू लागले. एक प्रकरण वाचायचे, मग त्यांची कूस बदलायची, औषध द्यायचे, पुढ्यातले धान्य निवडायचे. त्या कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. काही आठवड्यांनी त्या म्हणाल्या, “ही बाई उठता येईल अशा जागी थांबती बघ.”

मी ते पुस्तक वर्गात कितीदा शिकवले होते. हे वाक्य मला सुचले नव्हते.

२

लिहिण्याच्या सवयीविषयी बोलायला समीक्षेत आपल्याकडे शब्द थोडे आहेत. ‘प्रतिभा’, ‘स्फुरण’, ‘साधना’ हे शब्द घड्याळाकडे पाहत नाहीत. रोजच्या व्यवहारात मात्र असे शब्द भरपूर आहेत. त्यांतले तीन मी येथे घेते.

पहिला ‘सप्ताह’. आमच्या भागात पारायणाचा सप्ताह बसतो. ठरलेले दिवस, घरचे काम दुसऱ्याकडे, आणि पोथी पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत एका दमात. दुसरा ‘रतीब’. दूधवाल्याचा असतो तसा. पाऊस असो, पाहुणा असो, ठरलेल्या वेळी ठरलेले माप दारात आले पाहिजे. सदरलेखनाला हिणवायचे झाले तर आपण ‘रतीब घालणे’ म्हणतो, पण त्या शब्दात जबाबदारीही आहे. तिसरा ‘नेम’. रोज पोथीच्या काही ओव्या, तुळशीला पाणी, संध्याकाळी दिवा. नेमाला मोकळा वेळ लागत नाही. तो कामाच्या मधल्या फटीत बसतो. तो मोडतोही. मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचा, एवढी मुभा त्यात गृहीत असते.

सप्ताहाला आणि रतिबाला तारीख असते. कधी सुरू झाले, कधी संपले, कोणत्या अंकात आले, हे सांगता येते. नेमाची नोंद कुणी ठेवत नाही. वाङ्मयाच्या इतिहासात सप्ताह आणि रतीब उठून दिसतात, नेम मागे राहतो, याचे एक कारण हे असावे.

३

रतिबाचे आपल्याकडचे मोठे उदाहरण हरिभाऊ आपट्यांचे. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. पुढच्या अनेक कादंबऱ्याही हप्त्याहप्त्यानेच वाचकांपुढे आल्या. हे करणारा माणूस रिकामा नव्हता. आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती, पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. साप्ताहिकाचा अंक निघायचा म्हणजे मजकूर हवा. तो देण्याची शिस्त त्यांनी वर्षानुवर्षे पाळली.

या शिस्तीच्या खुणा कादंबऱ्यांत आहेत. हरिभाऊंच्या पाल्हाळावर पिढ्यान्‌पिढ्या टीका झाली. तो त्यांचा स्वभावदोष मानला गेला. मला तो मापाचा परिणाम वाटतो. ठरलेली जागा भरायची असेल तर प्रसंग ताणला जातो, वाचकाशी मध्येच बोलणे होते, मागच्या हप्त्याची आठवण करून द्यावी लागते. दुसरी खूण अधिक बोलकी आहे. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. रतिबाला बाहेरून मागणी असते तोवर तो चालतो. मागणी दुसरीकडे वळली किंवा अंगावरची कामे वाढली की अर्ध्यात थांबलेले पुन्हा धरायला आतला दोर नसतो.

गंमत अशी की ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये हरिभाऊंनी जी लेखिका कल्पिली ती स्त्री आहे. यमू आपली हकीकत स्वतः सांगते. नवऱ्याच्या प्रोत्साहनाने लिहाय-वाचायला शिकलेली, घरच्या माणसांच्या धाकात वावरणारी स्त्री आपले आयुष्य कागदावर उतरवते, ही कल्पना मराठी वाचकाला त्या कादंबरीने दिली. ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने यायला अजून चाळीसहून अधिक वर्षे होती. पण यमू हे सारे नेमके कुठल्या वेळी लिहिते, हा प्रश्न कादंबरीत फारसा डोके वर काढत नाही. कल्पित लेखिकेला वेळ काढावा लागत नाही. तो तिच्या वतीने हरिभाऊ काढत होते.

४

सप्ताहाचे उदाहरण द्यायला मला नाशिक जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी सुरू केली, १३ फेब्रुवारीला संपवली. पाच दिवस. पुस्तक १९३५ साली निघाले. ही हकीकत आपण मुलांना आवडीने सांगतो, आणि त्यांच्या मनात त्यातून एक समजूत पक्की होते : भिंती असाव्यात, व्यत्यय नसावा, मन भरलेले असावे, मग पुस्तक आपोआप होते.

या समजुतीला दोन गोष्टी आड येतात. पहिली पुस्तकातच आहे. पाच दिवसांत लिहिलेल्या या पुस्तकाची रचना मात्र ‘रात्रीं’ची आहे. दिवसाची कामे आटोपली, प्रार्थना झाली, की श्याम आश्रमातल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो. मग सगळे उठतात. दुसऱ्या रात्री पुढची. अशा चाळीसहून अधिक रात्री. म्हणजे लेखन सप्ताहाचे, पण त्याने जे रूप घेतले ते नेमाचे.

दुसरी गोष्ट गुरुजींच्या आयुष्यात आहे. तुरुंगात जाण्याआधी ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. तेथे मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवत. मुलांच्या खोल्या, आजारपणे, अभ्यास, भांडणे या सगळ्यांतून रोज हाताने लिहून काढलेले दैनिक. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. नाशिकच्या कोठडीत पाच दिवसांत जे झाले त्यामागे अमळनेरच्या छात्रालयातल्या त्या रोजच्या पानांचा सराव होता. गोष्ट केवढी असावी, कुठे सुरू व्हावी, ऐकणारा मुलगा कुठे हलतो, हे हाताला आधीच ठाऊक झाले होते. पाच दिवसांची आपण तारीखवार नोंद ठेवली. छात्रालयातल्या सकाळ-संध्याकाळींची नोंद तेवढ्या आस्थेने ठेवली नाही.

तुरुंगामुळे पुस्तक झाले, हे अर्धे सत्य आहे. तुरुंगाने वेळ दिला. पुस्तक लिहू शकणारा हात त्याआधीच, व्यत्ययांच्या मध्ये, तयार झाला होता.

५

आता लक्ष्मीबाईंकडे येते. त्यांचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील गोखले. त्यांचे सोवळ्याचे वेड, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात न घेणे, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला विसरता येत नाही. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. टिळक नोकरी धरत, सोडत, न सांगता निघून जात, हातातले पैसे वाटून मोकळे होत. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरची काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली, मग लक्ष्मीबाई त्यांच्याकडे गेल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर, राहुरी, दुष्काळात उघडी पडलेली मुले, प्लेग, येणारेजाणारे, बालकवी ठोंबऱ्यांसारखा घरातलाच होऊन गेलेला कवी. १९१९ साली टिळक गेले. त्यानंतर मुंबई, कराची आणि शेवटी नाशिक.

एवढे वाचल्यावर ‘या बाईला लिहायला वेळ कधी मिळाला?’ असे आपण कौतुकाने विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातो. मला उत्तर शोधायचे होते. पुस्तकाची घडण पाहिली तर ते बरेचसे हाती लागते.

‘स्मृतिचित्रे’ क्रमशः ‘संजीवनी’तून आली आणि १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत पुस्तकरूप झाली. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू पाहत होता. त्याला सामग्री म्हणून आईच्या आठवणी हव्या होत्या. तिथून हे लेखन सुरू झाले. आत्मचरित्र लिहायचे ठरवून बसलेल्या माणसाचे हे पुस्तक नव्हे. प्रकरणे आटोपशीर आहेत. बहुतेक प्रकरण एका प्रसंगाभोवती किंवा एका माणसाभोवती फिरते. प्रसंग रंगतो, दोन माणसे बोलतात, लक्ष्मीबाई स्वतःवरच एक टपला मारतात आणि प्रकरण मिटते. पुढचे प्रकरण उघडायला मागच्याची साखळी मनात धरावी लागत नाही.

या घडणीला काही अभ्यासक विस्कळीतपणा म्हणतील. माझ्या त्या अकरा पानांत मीही तसे लिहिले होते. सासूबाईंच्या वाक्यानंतर मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळले. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटाशी थांबून पाहिले, की येथे उठून गेलेली बाई आठ दिवसांनी परत आली तर तिला पुन्हा सुरुवात करता येईल का? बहुतेक ठिकाणी येते. जी घडण मला सैल वाटत होती ती मला आता मापून बेतलेली दिसते. एका बैठकीत जेवढे उचलता येईल तेवढाच घास. व्यत्यय येणार, हे धरूनच हा घास घेतलेला आहे.

येथे ‘सहज’ हा शब्द अडखळतो. थांबण्याची जागा ओळखणे सहज होत नाही. वाक्य आखूड ठेवणे, दुःखाच्या प्रसंगाला विनोदाची कड देऊन तो तिथेच सोडणे, यासाठी सराव लागतो. आणि लक्ष्मीबाईंनी केवढा सराव केला होता, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. आपण तो दुसऱ्या कप्प्यात टाकला आहे, इतकेच. तो पुरावा म्हणजे ‘ख्रिस्तायन’.

टिळकांनी ख्रिस्तचरित्रावरचे हे महाकाव्य सुरू केले आणि आरंभीचे काही अध्याय लिहून ते गेले. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. त्या गेल्यानंतर, १९३८ साली, ग्रंथ निघाला. आपण ‘ख्रिस्तायन’ची गणना धार्मिक काव्यात करतो, ‘स्मृतिचित्रे’ची आत्मचरित्रात, आणि दोन्ही एकाच हाताने लिहिली आहेत हे विसरतो. ६४ अध्याय स्फुरणाच्या लाटेवर होत नाहीत. पोथीचा अध्याय ही नेमाचीच एकक आहे. आज इतक्या ओव्या, उद्या इतक्या. ओवी चार चरणांत पुरी होते. दाराशी कुणी आले तरी तेवढी हातावेगळी करून उठता येते. जात्यावर बसलेल्या बायकांनी हा छंद पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, तो यामुळेही. आमच्या शेजारच्या खानदेशात, असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची ओवीच्या वळणाची गाणी कामाच्या हातांनीच जन्मली. मुलाने आणि घरच्या माणसांनी ती टिपून ठेवली नसती तर १९५२चे पुस्तक झाले नसते. बहिणाबाईंनी कागदाशिवाय जे केले ते लक्ष्मीबाईंनी कागदावर केले. ओवीने त्यांना लहान मापात पुरे होणे शिकवले, आणि ते माप ‘स्मृतिचित्रे’च्या गद्यात उतरले, असे मला वाटते.

६

या मांडणीवर दोन आक्षेप येतील. मी स्वतःच ते घेऊन पाहिले आहेत.

पहिला असा : ‘स्मृतिचित्रे’ही नियतकालिकातूनच आली. मग ती रतीब का नव्हे? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. नुसत्या नेमाने पुस्तक होत नाही. कुणीतरी ‘पुढचे दे’ म्हणणारे लागते. लक्ष्मीबाईंना मुलगा होता, नियतकालिक होते. पण ‘ख्रिस्तायन’ला अशी आठवड्याची मागणी नव्हती आणि तेही पुरे झाले. रतीब बाहेरच्या हाताने चालतो. नेमाला बाहेरचा हात मिळाला तर बरे, न मिळाला तरी तो काही काळ तग धरतो. हरिभाऊंच्या अपुऱ्या कादंबऱ्या आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले महाकाव्य शेजारी ठेवले की हा फरक दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. जिचा नेम तगला तिचेच पुस्तक आपल्यापुढे आहे. जिचा मोडला आणि पुन्हा धरला गेला नाही अशा किती जणी असतील? तेव्हा व्यत्ययाचे गोडवे गाऊ नयेत. हे मला पूर्ण मान्य आहे. व्यत्ययामुळे ‘स्मृतिचित्रे’ चांगली झाली, असे मी म्हणत नाही. टिळक घरी पैसे ठेवून गेले असते, प्लेग आला नसता, तर लक्ष्मीबाईंनी अधिक लिहिले असते, कदाचित निराळे लिहिले असते. मी एवढेच म्हणते, की व्यत्ययाशी त्यांनी जो व्यवहार केला तो लेखनकौशल्याचा भाग आहे आणि समीक्षेने तो कौशल्य म्हणूनच मोजला पाहिजे. ‘सहज’ म्हटले की तो हिशेबात येतच नाही. आणि तो हिशेबात न आल्यामुळे जिच्यापाशी सलग वेळ नाही ती बाई समजते, की आपल्याला लिहिता येणार नाही. चार वर्षे मीही तेच समजत होते. ज्या पुस्तकात त्याचे उत्तर होते तेच पुस्तक मी रोज दुपारी मोठ्याने वाचत होते.

आणखी एक गोष्ट या पुस्तकाच्या कडेला उभी आहे. टिळकांचे अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये वारल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चे काम मुलाने शेवटाला नेले. मृत्यू हा शेवटचा व्यत्यय. पण या घरात त्याच्याशीही वागण्याची एक रीत दिसते. अर्ध्यावर राहिलेले दुसऱ्याने उचलायचे. लहान मापात लिहिलेले असले की हे शक्य होते. टाका कुठे संपला ते दुसऱ्याला दिसते.

७

सासूबाई गेल्या पौषात गेल्या. चौथ्या भागातली काही प्रकरणे वाचायची राहिली होती. माघात काढणीची धांदल संपल्यावर मी कपाटातली वही काढली.

हा लेख मी चैत्रात सुरू केला. दुपारची जी वेळ वाचनाची होती तीच ठेवली, आणि दिवसाला एक पान एवढेच माप धरले. चैत्रोत्सवात गडावरून उतरलेली माणसे आठ दिवस घरी होती. ते दिवस गेले. खरड छाटणीत मजुरांचा स्वयंपाक होता, ते गेले. नातवाला ताप आला. दोनदा वीज नव्हती, तेव्हा खिडकीशी बसून लिहिले. संपादकांनी सांगितलेली तारीख श्रावणातली होती, ती मात्र पाळता आली. पान नेहमी अशा जागी थांबवले की दुसऱ्या दिवशी मागचे सगळे वाचावे लागू नये. ही युक्ती माझी नाही, ती कुणाची हे वर सांगितले आहे.

लेखकाच्या चरित्रात आपण जन्मसाल, शिक्षण, पुरस्कार यांची नोंद करतो. त्याच्या शेजारी आणखी दोन ओळी असाव्यात, असे मला सुचवायचे आहे : तो दिवसाच्या कोणत्या वेळी लिही, आणि तेव्हा घरातले काम कोण करी. ज्यांच्या बाबतीत हे कागदपत्रांतून कळते त्यांचे नोंदवावे. जेथे कळत नाही तेथे प्रकरणांच्या घडणीतून, हप्त्यांच्या लांबीतून, अपुऱ्या राहिलेल्या जागांतून ते शोधावे. स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा अभ्यास करणाऱ्या तरुण मंडळींना यात पुष्कळ काम आहे. रमाबाई रानड्यांच्या १९१०च्या आठवणींपासून सुरुवात करता येईल.

वहीतली जुनी अकरा पाने मी फाडलेली नाहीत. त्यांत ‘सहज’ हा शब्द नऊ ठिकाणी आला आहे. प्रत्येक ठिकाणी समासात आता शिसपेन्सिलीने लिहिले आहे : किती बैठकींत? बारावे पान सासूबाईंच्या त्या वाक्याने सुरू होते.